इंजेक्शनने नशा करणाऱ्यांची मनाची तपासणी डीआयसीतच सुरू करतोय – अनुभव आणि सूचना हव्यात

पारिजात_ठाणे

नमस्कार मंडळी. मी इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठीच्या एका टीआय (म्हणजे जोखमीच्या गटांत एचआयव्ही रोखण्याच्या) प्रकल्पात समुपदेशक आहे, मुंबईत हार्बर लाईनच्या पट्ट्यात. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचं एक डीआयसी (ड्रॉप-इन सेंटर) आहे, म्हणजे दोन खोल्या, एक मोरी, कॅरम, प्यायचं पाणी. लोक येतात, आंघोळ करतात, वापरलेल्या सुया टाकून नव्या घेऊन जातात, गळवं झालेली असतात त्यांचं ड्रेसिंग होतं. जवळच ओएसटी केंद्र आहे, म्हणजे नशेच्या जागी देखरेखीखाली दुसरं औषध देतात ते, तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज नर्सच्या समोर जिभेखाली ठेवायची. वर्षातून दोनदा एचआयव्हीची तपासणी, टीबीची लक्षणं विचारणं, हेपेटायटिस सी साठी पाठवणं, हे सगळं रजिस्टरला आहे. त्या माणसाला झोप लागते का, तो रडतो का, जगावंसं वाटतं का, याला मात्र रजिस्टरमध्ये रकानाच नाही.

आणि आमच्याकडे येणाऱ्यांत मन ठीक असलेला माणूस शोधावा लागतो हो. दिल्लीत अशाच रस्त्यावरच्या सुई-बदल केंद्रांवर येणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास २०१३ साली छापून आला होता, त्यात दहातल्या आठांहून जास्त जणांत नैराश्याची लक्षणं निघाली आणि निम्म्याहून जास्त जणांच्या मनात त्या वर्षभरात मरणाचे विचार येऊन गेलेले होते. वाचून मला नवल वाटलं नाही, राग आला. कारण सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशात इंजेक्शनने नशा करणारे साधारण ८.५ लाख आहेत आणि जास्त आकडा असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. एवढ्या माणसांचं रक्त आपण नेमाने तपासतो आणि मनाचं कुणी विचारत नाही.

तर आमच्या टीमने ठरवलंय की डीआयसीतच साधी तपासणी सुरू करायची. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं ते विचारायचं, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. मराठी आणि हिंदी दोन्हीत मिळते. पण माझ्या शंका अशा:

एक तर टर्कीत असलेला माणूस (म्हणजे नशा उतरल्यावर अंग मोडून येतं ती अवस्था) झोप नाही, भूक नाही, ताकद नाही असंच सांगणार, मग गुण वाढणारच, त्याचा अर्थ काय लावायचा? दुसरं, विचारायचं कुणी, मी की पिअर (म्हणजे नशा करणाऱ्यांतलाच आमचा कार्यकर्ता)? आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, त्याला "हो" आलं आणि घड्याळात संध्याकाळचे सहा वाजलेत, तर त्या माणसाला घेऊन मी जायचं कुठे? हा तिसरा प्रश्न सुटल्याशिवाय यादी हातात घ्यायची माझी तयारी नाही.

ज्यांनी वस्तीत, गावात, कुठेही असं काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

मोगरा७

महत्त्वाचा धागा. वाचतेय. माझा या विषयाशी काही संबंध नाही पण ८.५ लाख हा आकडा आज पहिल्यांदा कळला.

हार्बरवासी

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण स्पष्ट लिहितो. मी त्याच पट्ट्यात राहतो. स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकवरून माझी मुलगी क्लासला जाते, तिथे हे गर्दुल्ले पडलेले असतात, सुया पडलेल्या असतात, मोबाईल खेचून नेतात. सोसायटीतल्या नळाच्या तोट्यासुद्धा राहिलेल्या नाहीत. आधी नशा सोडवा ना, मग मनाचं बघा. नशा चालू असताना मनाची तपासणी करून काय मिळणार हे मला खरंच समजत नाही. नवी सुई देणं हेही मला कधी पटलेलं नाही. कुणी नीट समजावलं तर ऐकायची तयारी आहे.

मनोविकार_डॉ

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी ओपीडीत बरीच वर्षं काढली, आता खाजगी. पारिजातताईंच्या पहिल्या शंकेबद्दल आधी.

पीएचक्यू-९ मधले झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं आणि हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ फेऱ्या मारणं हे पाच प्रश्न टर्कीत आणि नशेत दोन्हीकडे वाढतात. उरलेले चार, म्हणजे कशातच रस न वाटणं, उदास वाटणं, आपण नालायक आहोत असं वाटणं आणि मरणाचे विचार, यांच्याकडे जास्त लक्ष द्या. एकूण गुण १० च्या वर गेले म्हणून लगेच नैराश्याचा शिक्का मारू नका, पण १० च्या वर गेलेत आणि या चारांतलेच गुण जास्त आहेत तर मात्र थांबू नका, पुढे पाठवा. गर्दी असेल तर आधी फक्त पहिले दोन प्रश्न विचारा, तीच पीएचक्यू-२, त्यात ६ पैकी ३ किंवा जास्त आले तर पूर्ण नऊ. मरणाचा प्रश्न मात्र त्या दोनात नाही, तो वेगळा विचारायलाच हवा.

वेळ कुठली निवडता यावर निम्मं काम आहे. ओएसटीवर नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी यादी विचारू नका, डोस बसायला एक-दोन आठवडे जाऊ द्या. रोजच्या दिवसातही डोसच्या आधी नको. गोळीची पूड जिभेखाली विरघळेपर्यंत त्याला तोंड उघडता येत नाही, तेवढा वेळ बसू दे, नंतर चहा होऊ दे, मग विचारा. आणि दोन ते चार आठवड्यांनी परत विचारा. बऱ्याच जणांचे गुण नुसत्या ओएसटीने खाली येतात असं मी पाहिलंय, ज्यांचे येत नाहीत त्यांना नैराश्य वेगळं आहे असं समजून औषध सुरू करावं. पुस्तकात महिनाभर नशामुक्त राहिल्यावर निदान पक्कं करा असं लिहिलेलं असतं. पुलाखाली राहणाऱ्या माणसाला तो महिना कोण देणार? त्रास जास्त असेल तर निदानाच्या नावासाठी थांबायचं नाही, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगायचो.

आणखी एक, झोपेच्या गोळ्या. कुठल्याही ओपीडीत जाऊन हा माणूस "झोप येत नाही" म्हणाला की डायझेपाम, अल्प्राझोलाम लिहून मिळतं. ब्युप्रेनॉर्फिनवर किंवा ब्राऊन शुगरवर या गोळ्या पडल्या तर श्वास मंदावतो, माणूस जातो. त्यामुळे पाठवताना चिठ्ठीवर ओएसटीचा डोस लिहा, लपवू नका. नैराश्याची जुनी स्वस्त औषधं, अमिट्रिप्टिलिनसारखी, त्यांच्या हातात पट्टीच्या पट्टी देऊ नका, जास्त घेतली तर हृदयावर येतं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन जास्त सुरक्षित, आणि तीही ओएसटीच्या खिडकीवरच रोज दिली तर उत्तम.

हेपेटायटिस सी चा उल्लेख झाला म्हणून सांगतो. पूर्वी त्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, त्यानेच नैराश्य यायचं, म्हणून मन बिघडलेल्या माणसाला तो इलाज नाकारला जायचा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्या मोफत आहेत आणि त्यांचा तो त्रास नाही. तरी "याचं डोकं ठीक नाही" म्हणून अजून कुणी परत पाठवत असेल तर भांडा.

पुलाखालचा

मी आधी यूजर होतो आता ओआरडब्ल्यू म्हणजे आउटरीच वर्कर आहे, फिल्डवर असतो. मराठी टाइप करायची सवय नाही चुकलं तर सांभाळून घ्या. डॉक्टर साहेबांनी बरोबर लिहिलंय पण मी सांगतो आमची पोरं खरं कधी सांगतात आणि कधी नाही.

कागद आणि पेन बघितला की पोरगा सगळं "ठीक आहे" सांगतो, कारण आयुष्यभर कागद पेनवाल्याने त्याला आत टाकलंय नाहीतर हाकललंय. त्यात ओएसटीवर असलेल्याला वाटतं मी खराब वाटतं बोललो तर डोस बंद करतील किंवा ठाणे मेंटलला पाठवतील, हे दोन भीती एकदम खऱ्या आहेत, ह्या पहिल्या तोंडाने सांगून टाकायच्या की असं काही होणार नाही, मग प्रश्न. आणि काही उलटे पण असतात, डोस वाढवून पाहिजे म्हणून सगळ्याला हो हो बोलतात, ते पण समजून घ्या, तो खोटारडा नाही, त्याला डोस कमी पडतोय म्हणून तो बोलतोय, डॉक्टरला सांगा डोस बघायला.

सगळ्यात जास्त बोलणं होतं ड्रेसिंगच्या वेळी. हात किंवा पाय नर्सच्या मांडीवरच्या ट्रे मध्ये असतो, बँडेज पाण्याने भिजवून सुटायला वेळ लागतो, पोरगा दुसरीकडे बघत असतो कारण जखम बघवत नाही, तेव्हा तो स्वतःच बोलायला लागतो, घरी कोण होतं, बायको कधी गेली, आई वारली तेव्हा तो टर्कीत होता आणि स्मशानात पोचला नाही. तेव्हा यादी काढू नका फक्त ऐका, आणि जाताना बोला की मला तुझ्याशी नंतर बसायचंय.

पिअरने विचारायचं की मॅडमने हा सवाल होता ना, तर माझं मत पहिले दोन प्रश्न पिअरने, हॉटस्पॉटवर म्हणजे पोरं जमतात तिथे, एकट्याला बाजूला घेऊन. मोठी यादी मॅडमने खोलीत दरवाजा ओढून. पिअर त्याच ग्रुपमधला असतो, त्याच्याशी पैशाचं देणंघेणं असतं, कधी त्याच्याच बरोबर सुई मारलेली असते, मरायचा विचार येतो हे तो त्याला नाही सांगणार, सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पूर्ण पुलाला माहीत.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ओव्हरडोस होऊन वाचलेला पोरगा. आपण नॅलोक्सोन मारतो, ओव्हरडोस उतरवायचं औषध, तो उठतो, शिव्या देतो, निघून जातो, रजिस्टरला ओव्हरडोस एक लिहिलं की काम संपलं. पण प्रत्येक ओव्हरडोस चुकून नसतो. दुसऱ्या दिवशी त्याला शोधून काढून विचारलंच पाहिजे की तू ठरवून जास्त घेतलं का. मी विचारतो. दोघा तिघांनी मान खाली घालून हो बोललं आहे. जेलमधून सुटून आलेला पण तसाच, पहिले दोन आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवा, अंगाची सवय गेलेली असते आणि घरी कोणी दरवाजा उघडत नाही.

गोदाकाठ

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझा धाकटा भाऊ. आम्ही नाशिकचे. नशा त्याची नंतर सुरू झाली, त्याआधी दोन वर्षं तो खोलीतून बाहेर यायचा नाही, जेवायचा नाही, बारावीत पहिल्या वर्गात आलेला मुलगा कॉलेज सोडून भिंतीकडे तोंड करून पडायचा. आई म्हणायची आळशी झालाय, वडील म्हणायचे संगत वाईट. मग एका मित्राकडे त्याला पावडर मिळाली आणि तो आम्हाला महिनाभर एकदम बरा वाटला, हसायला लागला, आम्ही खूश. पुढचं तुम्हा लोकांना माहीतच आहे.

त्याला घेऊन मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो तर म्हणाले आधी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा, नशा उतरली की आणा. केंद्रात गेलो तर म्हणाले याने हाताला कापून घेतलंय, आधी मानसोपचारवाल्यांचं पत्र आणा, आम्ही अशी केस घेत नाही. या दोन दारांमध्ये आम्ही किती फिरलो ते आम्हालाच माहीत. शेवटी त्याला आधार मिळाला तो एका ओएसटी केंद्रावरच्या समुपदेशक बाईंचा, त्यांनी पहिल्यांदा त्याला विचारलं की नशा करायच्या आधी तुला कसं वाटायचं. तो घरी येऊन मला म्हणाला, "ताई, हे मला कुणी विचारलंच नव्हतं." आता औषध चालू आहे दोन्हीचं, बुडतो मधे मधे, पण आहे.

@हार्बरवासी, दादा तुमचा राग मला कळतो, माझ्या वडिलांचंही घड्याळ गेलं, आईच्या बांगड्या गेल्या. पण आधी नशा मग मन हा क्रम आमच्या घरी लागूच पडत नव्हता. त्याचं मनच आधी गेलं होतं.

पारिजात_ठाणे

गोदाकाठताई, मनापासून धन्यवाद लिहिल्याबद्दल. "आधी कसं वाटायचं" हा प्रश्न मी आमच्या यादीत पहिला घालणार आहे.

@हार्बरवासी, तुमच्या मुलीच्या रस्त्यात सुया पडलेल्या असतात हे चूकच आहे, त्यासाठीच आम्ही वापरलेली सुई परत घेतो, आमची मुलं पिवळी पिशवी आणि चिमटा घेऊन त्या गोळा करतात. स्कायवॉकचं नाव मला मेसेजमध्ये कळवा, उद्याच पाठवते. नवी सुई देतो कारण एकच सुई चौघांनी वापरली की एचआयव्ही आणि कावीळ त्या चौघांपुरती राहत नाही, त्यांच्या बायकांपर्यंत आणि बाळांपर्यंत जाते. २०१४-१५ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण ९.९ टक्के होतं, सर्वसाधारण लोकांत ते पाव टक्क्याच्या आसपास असतं.

आणि आधी नशा सोडवा म्हणता, तर ती सुटत का नाही याचं एक मोठं कारण मनात असतं. उदास माणूस डोस चुकवतो, डोस चुकला की टर्की, टर्कीत परत सुई, मग पैसे नाहीत म्हणून तुमच्या सोसायटीच्या तोट्या. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं १९८६ साली, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. मन आणि व्यसन एकाच आवारात ठेवायचं हे आपल्याकडे तेव्हा केलेलं आहे, आता ते आवार सोडून पुलाखाली न्यायचंय एवढंच.

वऱ्हाडी_माणूस

अमरावतीकडचा आहे. नशेचं काम मी केलेलं नाही, शेतकरी कुटुंबांसोबत मनाच्या आजाराचं काम केलंय, तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आमच्याकडे विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, त्यांच्या मागे शिकलेले समुपदेशक, त्यांच्या मागे मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक कुणाकडे तरी मदत मागायला जात होते, दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. २०१७ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. गोव्यातही संगाथ या संस्थेने साध्या शिकलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचा इलाज करून दाखवलाय. म्हणजे मानसशास्त्राची पदवी नाही म्हणून तुमचा पिअर विचारू शकत नाही असं काही नाही.

पण मला जे जाणवलं ते सांगतो बाप्पा. नुसती यादी घेऊन गेलं की पहिल्या महिन्यात लोक सांगतात, दुसऱ्या महिन्यात दार लावून घेतात. बाई म्हणते, "मागच्या खेपेला विचारून गेले, काय झालं त्याचं?" माणसाने एकदा मन उघडलं आणि पुढे कुणी आलंच नाही तर तो परत उघडत नाही, आणि शेजाऱ्यालाही सांगतो की काही उपयोग नाही. म्हणून सुरुवात यादीपासून करू नका, डॉक्टर कुठल्या वारी येणार ते आधी पक्कं करा. डॉक्टर महिन्यातून दोनदाच येणार असेल तर तेवढ्याच लोकांना विचारा जेवढे त्या दोन दिवसांत बघून होतील. आकडा भरायला शंभर जणांना विचारू नका, फंडिंगवाले मागतील तरी.

कायदेकानू

वकील आहे, एचआयव्ही आणि एनडीपीएस (अंमली पदार्थांचा कायदा) च्या केसेस बघते. तीन मुद्दे.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अंमली पदार्थांच्या वापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. म्हणजे "हा नशेडी आहे, आमचा पेशंट नाही" असं सरकारी मानसोपचार विभागाला म्हणता येत नाही, आणि कलम १८ प्रमाणे या सेवा मिळणं हा हक्क आहे. गोदाकाठताईंच्या भावासारखं कुणाला परत पाठवलं तर लेखी कारण मागा, लेखी मागितलं की बरेचदा दार उघडतं. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं, त्यामुळे नवव्या प्रश्नाला "हो" म्हटलं तर पोलीस येतील ही भीती लोकांच्या मनातून काढा.

दुसरं, नशा करणं हा एनडीपीएस १९८५ च्या कलम २७ खाली अजून गुन्हा आहे. कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून सूट मिळू शकते, पण ती आपोआप नाही, कोर्टात मागावी लागते. म्हणून तुमच्या मनाच्या तपासणीच्या कागदावर नाव नको, कोड नंबर लिहा, कोड आणि नाव जोडणारी वही वेगळ्या कुलपात. कोण काय मारतो, कुठून आणतो हे त्या कागदावर मुळीच लिहू नका, तपासणीला त्याची गरज नाही.

तिसरं, सुई-बदल आणि ओएसटीच्या कामाला एचआयव्ही कायदा २०१७ च्या कलम २२ चं संरक्षण आहे. हवालदाराने पिअरला अडवलं तर दाखवायला त्या कलमाची मराठी प्रत पिशवीत ठेवा.

सह्याद्री_ते_लोकताक

मूळची साताऱ्याची, नर्स, नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं इंफाळला काढली आणि तिथे एका डीआयसीत काम केलं. मणिपुरात १९८९-९० मध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही सापडायला लागला, म्हणजे तिथली दुसरी पिढी हे बघतेय.

इथे वरचे सगळे प्रतिसाद पुरुषांबद्दल आहेत म्हणून लिहिते. बायकाही सुई मारतात, पण त्या तुमच्या कॅरमच्या खोलीत येणार नाहीत. आमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळा दिवस होता, बाई पिअर, मुलांना बसायला चटई, आणि पॅड ठेवायचो, पॅड न्यायला म्हणून तरी यायच्या. त्यांना यादी विचारताना घरातली मारहाण विचारल्याशिवाय काही कळत नाही, आणि त्यांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे मूल काढून घेतील ही. ती दूर केल्याशिवाय एक अक्षर बोलत नाहीत. शिवाय जे पुरुष येतात त्यांच्या बायका, आया, ज्या स्वतः काही मारत नाहीत, त्यांचं नैराश्य कधीकधी त्या पुरुषापेक्षा जास्त असतं. महिन्यातून एकदा त्यांनाही बोलवा.

आणि फक्त नैराश्य विचारून थांबू नका. कानात आवाज येणं, कुणी मागे लागलंय असं वाटणं, हे दोन प्रश्न जोडा. काही मुलं महिनोन्महिने त्यात असतात आणि सगळे म्हणतात नशेत आहे.

हार्बरवासी

सगळं वाचलं, दोनदा. गोदाकाठताई, मला माफ करा म्हणण्यासारखं मी काही बोललो नव्हतो असं वाटतं, पण भावाबद्दल वाचून गप्प झालो. सुई-बदलाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण मनाची तपासणी का, हे कळलं. पारिजातताई, स्कायवॉकचं ठिकाण मेसेज केलंय. आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तुमच्या डीआयसीबद्दल तक्रार करायची होती, ते पत्र माझ्याकडेच ड्राफ्टला आहे, ते मी पाठवत नाही. तुम्ही एकदा येऊन आमच्या मीटिंगमध्ये बोलाल का?

पारिजात_ठाणे

येईन, नक्की, तारीख सांगा. सोबत आमच्या पिअरलाही आणते, चालेल ना? तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो.

सगळ्यांचं वाचून आमच्या टीमची काल मीटिंग झाली. ठरलं ते असं. पहिले दोन प्रश्न आणि मरणाचा प्रश्न पिअर विचारणार नाहीत, ते फक्त "तू बरा दिसत नाहीस, मॅडमला भेट" एवढं म्हणून घेऊन येणार, पुलाखालचा यांचा मुद्दा त्याहून पुढे नेला कारण आमच्या पिअरनाच ते जड वाटत होतं. खोलीत मी, डोस आणि चहा झाल्यावर. नशेच्या आधी कसं वाटायचं, मग नऊ प्रश्न, मग आवाज आणि संशयाचे दोन. ओव्हरडोसमधून उठलेला आणि जेलमधून आलेला यांना त्याच आठवड्यात गाठायचं. कागदावर कोड. सुरुवातीला फक्त ओएसटीवर स्थिर झालेल्यांपासून, कारण ते रोज भेटतात, परत विचारता येतं. बायकांचा दिवस ठरवायचाय, बाई पिअर मिळाली की.

एक वाचलेलं सांगते, व्हिएतनामच्या हायफाँग शहरात हेच केलंय. तिथल्या पिअर संस्थांनी लोकांना गाठलं आणि मानसोपचारतज्ज्ञ त्या संस्थेच्या ऑफिसात येऊन बसले, फी नाही, हॉस्पिटलची लाईन नाही. आम्हाला नेमकं तेच हवंय आणि नेमकं तेच नाहीये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना पत्र दिलंय, उत्तर यायचंय. तोवर नवव्या प्रश्नाचं काय, हा माझा पहिल्या पोस्टमधला प्रश्न अजून तिथेच आहे. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन, १४४१६, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, डीआयसीच्या फोनवरून लावून देता येईल. रात्रीचं काय?

पुलाखालचा

रात्री फोन कामाचा नाही मॅडम, पोरांकडे फोन टिकत नाही, आला की विकला. रात्री माणूस लागतो. आमच्याकडे असं करतो की ज्याने हो बोललं त्याला त्या रात्री एकटा सोडायचा नाही, बेघरांच्या निवाऱ्यात माझ्या ओळखीचा वॉचमन आहे तिथे नेऊन झोपवतो आणि आमच्यातला एक जण बाजूला झोपतो. त्याला त्या रात्रीचे पैसे मिळाले पाहिजेत, फुकटात दोन वेळा करेल तिसऱ्यांदा नाही करणार. बजेटमध्ये टाका. आणि त्याच्याकडच्या गोळ्या असतील तर त्या सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवायला मागायच्या, ओढून घ्यायच्या नाहीत, मागितल्या की बहुतेक वेळा देतो.

मनोविकार_डॉ

रात्रीच्या माणसाचे पैसे बजेटमध्ये आधी टाका, यादीच्या छपाईच्या आधी. जिल्ह्याकडून उत्तर येईपर्यंत महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या बुधवारी दुपारी मी तुमच्या डीआयसीत येऊ शकतो. एका दुपारी आठच माणसं, त्याहून जास्त नीट बघून होत नाहीत, त्यामुळे वऱ्हाडी_माणूस म्हणतात तसं तेवढ्यांनाच विचारा. नवव्या प्रश्नाला "हो" आलं तर बुधवारची वाट बघू नका, मला फोन करा. सर्ट्रालिन तुमच्या ओएसटीच्या नर्सना खिडकीवर द्यायला केंद्राचे डॉक्टर परवानगी देतील का, तेवढं आधी विचारून ठेवा. पत्ता आणि वेळ मेसेज करा.

पारिजात_ठाणे

डॉक्टर, मेसेज केलाय. परवानगीचं उद्या सकाळी विचारते आणि इथेच कळवते.